न कोरलेले डोळे

हार लीनानेच घातला. तिच्या मनात पाप नव्हतं हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढे त्या हारावरून जे रामायण झालं त्यात तिचं कुणी ऐकूनच घेतलं नाही.

युद्ध सुरू होऊन आठवडाही झाला नव्हता. त्या दिवशी वाऱ्याने वाळवंट उचलून गावावर आणून टाकलं होतं. कुवेतमधल्या रुमैथियाच्या त्या जुन्या घरात भर सकाळी दिवे लावले होते, तरी खिडक्यांतून येणाऱ्या पिवळ्या उजेडात सगळ्यांचे चेहरे हळद लागल्यासारखे दिसत होते. टीव्हीवर बगदाद जळत होतं. लीनाच्या नवऱ्याने, प्रतापने, आवाज बंद केला होता, त्यामुळे ते जास्तच जवळ वाटत होतं.

दुसऱ्या दिवशीची तिकिटं प्रतापने काढली होती. विमान उडालं तर सगळे मुंबईला आणि तिथून नाशिकला जाणार होते. घर सोडून निघायचं तर वडीलधाऱ्यांना हार घालून निघावं, म्हणून लीना सलव्याहून येताना मोगऱ्याचे हार घेऊन आली. हॉलच्या भिंतीवर सासूबाई, मामंजी आणि थोरले दीर काशिनाथ असे तिघांचे फोटो ओळीने होते. तिघांना हार घालून झाले आणि हातात एक उरला. समोरच्या भिंतीवर, दाराशेजारी, जयदीपचं ते काळं छापील चित्र एकटंच होतं. लीनाने उरलेला हार त्याला घातला आणि दोन पावलं मागे सरून तो मधोमध आला का ते पाहिलं.

रत्नमाला चहाचा ट्रे घेऊन आली ती दारातच थबकली. जयदीप तिचा नवरा. बारा वर्षांपूर्वी, गावात इराकी फौजा असताना, एका सकाळी खळीची बादली घेऊन तो याच दारातून बाहेर पडला आणि परत आला नाही. ती तेव्हा लहानग्या योगिनीला घेऊन, अम्मानच्या तंबूंमधून धक्के खात, नाशिकला पोचली होती. त्याला जाताना पाहणंही तिच्या नशिबी नव्हतं.

तिने ट्रे खाली ठेवला, स्टूल ओढलं, वर चढली आणि हार काढला.

“हे कुणी केलं?”

“ताई, मी… म्हणजे उद्या आपण निघणार, आणि नाशिकला विधी तर करायचाच आहे. मला वाटलं…”

“तुला वाटलं! माणूस गेला असं तुला वाटलं, आणि तू हार घालून मोकळी झालीस?”

“वहिनी, तिला बोलू नका,” प्रताप सोफ्यावरून उठला. “मीच सांगितलं होतं तिला.”

ते खोटं होतं. पण त्या आठवड्यात त्याने बायकोसाठी केलेली तेवढीच एक चांगली गोष्ट होती, म्हणून लीना गप्प राहिली.

“आई, कूल डाउन,” योगिनी मोबाइलमधून मान वर न करता म्हणाली. “इट्स जस्ट फ्लॉवर्स.”

“फुलं नाहीत ती,” रत्ना म्हणाली. “भाऊजी, मी नाशिकला येते म्हटलं. विधीला हो म्हटलेलं नाही.”

सगळं अडलं होतं ते इथेच. बारा वर्षं माणसाचा ठावठिकाणा लागला नाही, तर पळसाच्या पानांचा माणूस करून त्याला अग्नी द्यायचा आणि मग पुढचं सगळं रीतसर करायचं, असं गुरुजींनी प्रतापला फोनवर सांगितलं होतं. बारा वर्षं उलटून गेली होती. मे महिन्यात योगिनीचं लग्न होतं. होणारा जावई सुशांत, त्याच्या घरची माणसं भली, पण पत्रिका छापायला टाकताना त्यांनी हळूच विचारलं होतं, की मुलीच्या वडिलांच्या नावामागे काय लिहायचं? प्रश्न साधा होता. त्या दिवसापासून रत्नाला झोप नव्हती. एका शब्दाने ती नवरा मारणार होती, आणि तोही तिच्याच लेकीच्या लग्नाच्या पत्रिकेवर.

“वहिनी, किती दिवस असं अधांतरी?” प्रतापने आवाज खाली आणला. “मला काय हौस आहे? सख्खा भाऊ आहे माझा.”

“तो तिकडच्या तुरुंगात असेल तर?”

प्रतापने नकळत टीव्हीकडे पाहिलं. पडद्यावर एक इमारत खाली बसत होती. त्याने घाईने रिमोट उचलला आणि टीव्ही बंद केला.

तेवढ्यात तळघराचा जिना वाजला आणि गेर्डा वर आली. हात कोपरापर्यंत काळे, पांढरे केस रुमालात बांधलेले, आणि भिंगाचा जाड चष्मा. चष्म्याचा आताशा काही उपयोग नव्हता. डोळ्यांच्या मधोमध एक डाग बसला होता आणि माणसं तिला कडेकडेनेच दिसत. म्हणून ती कुणाशीही बोलताना तोंड थोडं बाजूला वळवी. नव्या माणसाला वाटे, बाई आपल्या मागे उभ्या असलेल्या कुणाशी तरी बोलतेय. जुन्या माणसांनाही कधीकधी मागे वळून पाहायचा मोह होई.

“मोगरा,” ती म्हणाली. “कोण मेला?”

लीनाने रत्नाच्या हातातला हार हळूच काढून घेतला आणि स्वयंपाकघरात नेला.

गेर्डा या घरात आली तीच मुळी पोलिसठाण्यातून. लाइपझिगमधल्या एका छापखान्यात लाकडावर चित्रं कोरणाऱ्या कारागिराची ही मुलगी. बापाने हिटलरविरुद्ध चोरून पत्रकं छापली, पकडला गेला, आणि शिक्षा म्हणून आघाडीवर धाडला गेला. मुलगी मोठी झाली ती हातात कोरणी घेऊनच. पुढे पश्चिम जर्मनीत अणुबाँब नको, व्हिएतनाममधलं युद्ध नको, अशी भित्तिपत्रकं ती कोरी, रात्रभर छापी आणि सकाळी पकडली जाई. एकदा तिला सोडवायला आखेनमध्ये शिकणारा, मित्राचा मित्र म्हणून ओढून आणलेला, काशिनाथ नावाचा एक घाबरट मराठी विद्यार्थी आला. त्याने तिला सोडवलं आणि स्वतः अडकला. नाशिकच्या लग्नात सासूबाईंनी तांदळाच्या ताटात ‘गिरिजा’ असं नाव लिहिलं. गेर्डाने ते निरखून पाहिलं आणि त्याच्याखाली बोटाने तीच अक्षरं उलटी, आरशातल्यासारखी लिहिली. “असं कोरलं की छापताना सरळ येतं,” तिने काशिनाथकडून सांगितलं. सासूबाई म्हणाल्या, “पोर वेडी आहे, पण हुशार आहे.” गिरिजा हे नाव त्या ताटातच राहिलं.

कुवेतला आल्यावरही ती सुधारली नाही. वफ्र्याच्या शेतांवर टोमॅटो तोडणारे मजूर तिने असे कोरले, की ते चित्र कुणी दिवाणखान्यात लावेना. मग नव्वद साल उजाडलं. काशिनाथ हृदयाच्या ऑपरेशनसाठी मुंबईत अडकलेला, आणि गोऱ्या माणसांना सैनिक घराघरांतून उचलून नेत होते. गेर्डा तळघरात लपली. सगळे मराठी लोक बसमध्ये बसून अम्मानला निघाले तेव्हा जयदीप बसच्या पायरीवरून खाली उतरला. “वहिनीला एकटं टाकून मी येणार नाही,” एवढंच म्हणाला. तळघरात बसून ती पत्रकं कोरी आणि पहाटे तो ती भिंतींवर चिकटवी. एक दिवस तो आला नाही, हे वर सांगितलंच आहे.

युद्ध संपलं आणि रत्ना परत आली, नवऱ्याची वाट पाहायला. सालमियाच्या शाळेत नोकरी धरली आणि याच घराच्या वरच्या मजल्यावर राहिली. एका फ्रीजमध्ये दोघींचं दूध, एका दोरीवर दोघींचे कपडे, आणि बारा वर्षांत कामापलीकडे शब्द नाही. रत्नाच्या मनातली गोष्ट साधी होती. या बाईने आपली चित्रं भिंतीवर लागावीत म्हणून माझा नवरा घालवला. तिने ते तोंडाने कधी म्हटलं नाही आणि गेर्डाने ते कधी खोडून काढलं नाही.

“वहिनी, उद्याचं तुमचंही तिकीट काढलंय,” प्रताप गेर्डाला म्हणाला.

“परत कर.”

“अहो, गॅसचा हल्ला होईल म्हणतात! आणि तुम्ही ते पोस्टर छापून ठेवलंत. साऱ्या गावाला हे युद्ध हवं आहे आणि तुम्ही नको म्हणून भिंतीवर लावता. माझ्या मुदीरसाहेबांनी मला ऑफिसात बोलावून विचारलं, ही तुझी कोण? उम्म बद्रने तर तुमचा फोन घेणंच सोडलंय.”

उम्म बद्र म्हणजे बद्रची आई, आणि तो बद्र जयदीपसारखाच गेलेला. त्याचा चेहरा गेर्डाने सगळ्यांत आधी कोरला होता.

“उम्म बद्रचा मुलगा कुठे आहे?” गेर्डाने तोंड वळवून विचारलं. “तिकडे. आपला जयदीप कुठे आहे? असला तर तिकडेच. मग बॉम्ब कुणाच्या डोक्यावर पडतो, प्रताप? हा युद्ध माझा तिसरा. आणि तिन्ही वेळा मला सांगितलं, की हा शेवटचा.”

मराठी म्हणी तिने सासूबाईंकडून झाडून सगळ्या उचलल्या होत्या, पण तो-ती-ते या जन्मी जमलं नाही. एरवी योगिनी हसली असती. आज ती आईकडे पाहत होती, कारण आई प्रथमच गेर्डाच्या बाजूने मान हलवत होती.

आणि भोंगा वाजला.

पहिले काही क्षण कुणी हललं नाही. धुळीमुळे तो आवाज कुठल्या दिशेने येतोय ते कळत नव्हतं. जमिनीतूनच येतोय असं वाटत होतं. मग प्रताप ओरडला, “खाली, खाली चला!” आणि सगळे तळघराकडे धावले. इथले लोक तळघराला सरदाब म्हणतात. घरात बिनखिडक्यांची ती एकच खोली होती, म्हणून प्रतापने गेल्या आठवड्यात तिथे प्लॅस्टिक आणि चिकटपट्ट्या लावून फटी बंद केल्या होत्या. आत शिरल्यावर त्याने दाराखाली ओला टॉवेल कोंबला आणि कडेने पट्टी ओढली. त्या पट्टीचा फर्रकन आवाज झाला आणि भोंगा एकदम दूर गेला.

रत्ना या खोलीत बारा वर्षांत दारापलीकडे आली नव्हती. आता दार चिकटवलेलं होतं.

चारी भिंतींना फळ्या होत्या आणि फळ्यांवर चेहरे. लाकडाचे ठोकळे उभे करून ठेवलेले, वर्षानुवर्षांच्या शाईने काळे पडलेले. म्हातारे, पोरं, एक दाढीवाला, एक शाळकरी वाटावा असा. कपाळाच्या रेषा, गालांचे खड्डे, ओठ, सगळं बारीक कोरलेलं. फक्त डोळे नव्हते. डोळ्यांच्या जागी लाकूड तसंच ठेवलेलं होतं, सपाट, आणि कोरलेलं नाही म्हणून सगळी शाई तिथेच साचून चकाकत होती. गेर्डाची ती रीत होती आणि ती घरात सगळ्यांना माहीत होती. बेपत्ता माणसाची खबर लागेपर्यंत डोळे कोरायचे नाहीत. परत आला तर उघडे कोरायचे. नाही आला तर मिटलेले. काही थोड्यांचे उघडले होते, काहींचे मिटले होते. बाकीचे सगळे तसेच उभे होते आणि दिवा हलला की त्यांची ती चकाकी एका बाजूने दुसऱ्या बाजूला सरके.

“काका, ते बघतायत असं वाटतंय,” योगिनी पुटपुटली. इंग्रजी तिच्याकडून वरच राहिलं होतं.

“काहीतरीच. ठोकळे आहेत ते,” प्रताप म्हणाला आणि भिंतीकडे पाठ करून बसला. मग पाठ करून बसणं त्याला बरं वाटेना, म्हणून पुन्हा वळला.

कंपनीतून त्याने गॅसचे मुखवटे मिळवले होते, पण दोनच. माणसं पाच. ते दोन मुखवटे टेबलावर पडून होते, आणि ते कुणी घालायचे हा विषय कुणी काढत नव्हतं. लीना कोपऱ्यात मांडी घालून तोंडातल्या तोंडात स्तोत्र म्हणत होती. दूर कुठेतरी धाडकन काही फुटलं. फळ्यांवरचे ठोकळे एकमेकांवर हलकेच आपटले, दात वाजावेत तसे. मग शांतता झाली, आणि त्या शांततेत रूळ फिरल्याचा चिकट आवाज येऊ लागला.

गेर्डा काचेवर शाई पसरवत होती.

“वहिनी, आता?” प्रताप वैतागला.

“लहानपणी एकदा मी अशी तळघरात बसले होते, हात रिकामे ठेवून,” ती म्हणाली. “वर लाइपझिग जळत होतं. तेव्हाच ठरवलं, परत नाही. तुम्ही स्तोत्र म्हणा. मी हे करते.”

ती फळीपाशी गेली आणि बोटांनी चेहरे चाचपत निघाली. एकेका नाकावरून, हनुवटीवरून तिची बोटं फिरत. दिसत नसलेली बाई त्या बिनडोळ्यांच्या माणसांना हाताने ओळखत होती. शेवटी एका ठोकळ्यावर बोटं थांबली. तिने तो दोन्ही हातांनी उचलून आणला, टेबलावर ठेवला आणि त्यावर रूळ फिरवला. रत्नाने जवळ जायच्या आधीच ओळखलं होतं.

“त्याला कशाला काढलंत?”

“उद्या तुम्ही जाणार. योगिनीला एक ताजं छापून देते. लग्नाचा आहेर म्हण.”

रत्ना टेबलापाशी आली. बारा वर्षं दाबून ठेवलेलं जे काही होतं, ते भलत्याच रूपात बाहेर पडलं.

“त्याचा तीळ डाव्या भुवईवर होता. तुमच्या चित्रात उजवीकडे येतो. साऱ्या गावात लावलीत ती चित्रं, आणि प्रत्येकात चूक. इतकी वर्षं मी ते दाराशेजारचं चित्र बघते आणि मला वाटतं, हा माझा नवराच नाही, त्याच्यासारखा दिसणारा कुणी दुसराच येऊन बसलाय घरात. चार वर्षांच्या पोरालाही कळतं की छापताना उलटं होतं. तुम्हाला नाही कळलं? की तेवढाही वेळ नव्हता त्याच्यासाठी?”

लीनाचं स्तोत्र थांबलं. गेर्डाने रूळ खाली ठेवला.

“माझा बाप सात वर्षांनी घरी आला,” ती म्हणाली. “रशियनांच्या छावणीतून. आम्ही त्याला खुर्चीत बसवलं. त्याला आई माहीत नव्हती, मी माहीत नव्हते. भिंतीवर त्याचेच फोटो होते. तो म्हणाला, हा सभ्य गृहस्थ कोण? आईने खूप रडून घेतलं. मग एक दिवस दाढी करायला म्हणून तिने त्याला आरशासमोर उभा केला. तो बघत राहिला, बघत राहिला, आणि म्हणाला, हा मी.”

तिने तोंड वळवलं. रत्नाला एक क्षण वाटलं ती भिंतीवरच्या कुणाला तरी सांगतेय.

“माणूस स्वतःला फोटोत बघत नाही, रत्ना. आरशात बघतो. त्याचा तीळ त्याला कुठे दिसतो? चित्रात आहे तिथेच. ती चित्रं शोधणाऱ्यांसाठी नव्हती. शोधणारे काय शोधणार होते? ती त्याच्यासाठी होती. डोक्याला मार लागून, सगळं विसरून कुठे भिंतीशी उभा असला, तर त्याने बघावं आणि म्हणावं, हा मी. आणि घरी यावं.”

बारा वर्षं रत्ना ज्याला निष्काळजीपणा समजत आली, ती त्याला मारलेली हाक होती. आपल्या दोघींपैकी जास्त वाट कुणी पाहिली, असा एक विचित्र विचार तिच्या मनात आला, आणि तिला लाज वाटली. ती वर दाराकडे बघत बसायची तेव्हा ही खाली बसून त्याला बोलावत होती.

“मला आधी का नाही सांगितलंत?”

“तू विचारलं नाहीस. आणि तुला राग हवा होता, गं. रागावर माणूस उभा राहतो. मी कशाला काढून घेऊ?”

पुन्हा एक धडाका झाला, या वेळी जवळ. दिवा गेला आणि आला. प्रतापचा हात मुखवट्याकडे गेला आणि त्याने तो घाईने मागे घेतला. गेर्डाने ठोकळ्यावर कागद अंथरला आणि सासूबाईंचा लाकडी डाव घेऊन त्याच्या पाठीने कागद घासायला सुरुवात केली. छापायचं यंत्र सैनिकांनी नेलं, तेव्हापासून या घरातलं सगळं या आमटीच्या डावाने छापलं जात होतं. घासता घासता कागदाच्या मागून चेहरा हळूहळू करडा उमटू लागला. आधी कपाळ, मग गाल.

“योगिनी, इकडे ये. तू उचल,” गेर्डा म्हणाली.

योगिनीने दोन कोपरे धरले आणि कागद सोलून काढला. तिने तो उजेडात धरला, आणि तिच्या तोंडून कसलासा आवाज निघाला.

तिळाखालचा डोळा मिटलेला होता.

काळ्या डोळ्याच्या मधोमध, या कडेपासून त्या कडेपर्यंत, एक बारीक पांढरी रेघ. किंचित खाली झुकलेली. झोपलेल्या माणसाची पापणी मिटते तशी. दुसरा डोळा होता तसाच, पूर्ण काळा.

“हे कुणी केलं?” प्रतापने विचारलं. सकाळी रत्नाने विचारलेला तोच प्रश्न. “वहिनी, तुम्ही कोरलंत?”

“काय? काय झालं? कुणी बोलाल का माझ्याशी?” गेर्डाला काही दिसत नव्हतं.

रत्नाने तिचं बोट धरलं आणि ठोकळ्यावर, त्या डोळ्यावर नेऊन ठेवलं. गेर्डाचं बोट पुढे गेलं, मागे आलं. तिचा चेहरा उतरला.

“चीर,” ती म्हणाली. “लाकूड वाळलं. बारा उन्हाळे झाले, रत्ना. मागच्या वर्षी एसी बंद पडला तेव्हा खोली भट्टी झाली होती. तेव्हा गेली असेल.”

“मग बाकीच्यांना का नाही गेली?” लीनाने विचारलं. तिचा आवाज अगदी बारीक झाला होता. “आणि बरोबर डोळ्यातच?”

“लाकडाला विचार. मला ठाऊक नाही.”

बाहेरचा भोंगा बंद झाला होता, की ऐकू येत नव्हता, तेही कळत नव्हतं. फळ्यांवरचे सगळे चेहरे टेबलाकडे तोंड करून उभे होते.

“आई,” योगिनी म्हणाली. कागद तिने छातीशी धरला होता आणि ती रडत होती. “आई, बाबांचा एक डोळा उघडा राहिलाय.”

ते वाक्य रत्नाला लागलं. मामंजी गेले तेव्हाची गोष्ट तिला आठवली. नाशिकच्या घरी त्यांचे डोळे अर्धवट उघडे राहिले होते. सासूबाई म्हणाल्या, “जयदीप, मीट रे त्यांचे डोळे. नाहीतर वाट बघत राहतात.” आणि जयदीपने तळहात ठेवून, कपाळावरून हळूच खाली ओढून ते मिटले होते. किती हलक्या हाताने! त्याचे स्वतःचे कुणी मिटले असतील? कुठल्या खड्ड्यात, कुठल्या भिंतीखाली, कुणाच्या पायाशी तो उघड्या डोळ्यांनी पडला असेल? आपण वर दाराकडे बघत बसलो आणि त्यालाही बघत ठेवलं. आजवर ती स्वतःला सांगत आली होती, की तिने त्याला जिवंत ठेवलंय. आता तिला वाटलं, तिने त्याला फक्त जागं ठेवलंय.

“वहिनी, कोरणी द्या,” रत्ना गेर्डाला म्हणाली.

गेर्डाने कोरणी पुढे केली. तिने ती आधीच हातात धरून ठेवली होती. “माझ्या हाताचा आता भरवसा नाही. तूच करायला हवं. मूठ तळहातात घे. आणि लाकूड मागतं तेवढाच जोर.”

“थांबा,” प्रताप एकदम उभा राहिला. महिनाभर विधी, गुरुजी आणि पत्रिका यांखेरीज दुसरं काही न बोललेला हा माणूस टेबलाशी येऊन ठोकळ्यावर हात ठेवून उभा राहिला. “वहिनी, घाई नको. राहू द्या ना. एक राहू द्या उघडा. आपण विधी पुढे ढकलू. पत्रिकेत काहीही लिहू, मी बोलतो त्यांच्याशी…”

लीना उठली. सकाळपासून सगळ्यांची बोलणी खाल्लेल्या त्या बाईने नवऱ्याचा हात ठोकळ्यावरून काढला आणि आपल्या हातात घट्ट धरून ठेवला.

“भाऊजी,” रत्ना म्हणाली, “तो दमला असेल हो.”

ती खाली वाकली. शाईचा वास नाकात गेला. इतक्या जवळून तिने तो चेहरा कधी पाहिला नव्हता, आणि इतक्या जवळून तो तिचाच होता, तीळ योग्य जागी, डाव्या भुवईवर. कारण कागदावर उलटा होणारा माणूस लाकडावर सरळ असतो, हे तिला आता कुठे समजत होतं. तिने उघड्या डोळ्याच्या कोपऱ्यात कोरणी टेकवली. लाकूड क्षणभर अडलं, मग वाट देऊ लागलं. पापणी कशी मिटते, कुठून झुकते, हे तिला कुणी सांगायला नको होतं. शेजारी झोपलेल्या त्याला तिने दहा वर्षं पाहिलं होतं. लाकडाचा एक बारीक ढलपा सुटला आणि तिच्या बोटाला चिकटून राहिला.

मग तिने तळहात त्या चेहऱ्यावर ठेवला आणि कपाळावरून हळूच खाली ओढला. हात काळा झाला. गेर्डाने न सांगता पुन्हा रूळ फिरवला, नवा कागद अंथरला, आणि डाव रत्नाच्या हातात दिला.

चित्र निघालं तेव्हा धोका टळल्याचा भोंगा वाजत होता. तो लांबच लांब, एका सुरात वाजत राहिला. प्रतापने दाराची पट्टी ओढून काढली आणि ओला टॉवेल बाजूला केला, पण बाहेर जायची कुणालाच घाई दिसेना.

“तुम्ही चला उद्या आमच्याबरोबर,” रत्ना गेर्डाला म्हणाली. बारा वर्षांत तिने या बाईला प्रथमच काही मागितलं होतं. “योगिनीच्या लग्नाला थोरली काकू नको?”

“लग्नाला येईन. वचन,” गेर्डा म्हणाली आणि शाईच्या बोटाने भिंतीकडे खूण केली. “पण आता यांच्या खबरा येतील, बघ. बऱ्या, वाईट. यांचंही कुणीतरी करायला हवं ना.”

रत्नाने मान डोलावली. चित्राची शाई अजून ओली होती, म्हणून तिने ते दोन्ही तळहातांवर आडवं धरलं आणि जिन्याकडे वळली. पहिल्या पायरीवर ती थांबली.

“लीना, सकाळचा हार कुठे ठेवलास?”

“फ्रीजमध्ये आहे, ताई,” लीना चाचरत म्हणाली. “तुमच्या दुधाच्या शेजारी.”

“बरं केलंस,” रत्ना म्हणाली, आणि हार आणायला वर गेली.